एर्न्स्ट हापेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलमध्ये दोन वेगवेगळ्या क्लबांना युरोपचा सर्वोच्च करंडक जिंकून देणारे प्रशिक्षक कोण, असा विषय निघाला की मोरिन्यो, आन्चेलोत्ती, ग्वार्डिओला ही नावं पटापट येतात. त्या यादीतलं पहिलं नाव मात्र सहसा कुणाला आठवत नाही. ते एका व्हिएन्नाकराचं आहे. त्यांच्याबद्दल लिहिलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हापेल की हॅपेल? आणि हे नक्की कोण?

जर्मन उच्चार ‘हापेल’ असा आहे. इंग्रजी समालोचन ऐकून आपल्याकडे ‘हॅपेल’ रुळलं. इथे मूळ उच्चार ठेवला आहे.

जन्म २९ नोव्हेंबर १९२५, व्हिएन्ना. मृत्यू १४ नोव्हेंबर १९९२, इन्सब्रुक. आधी ऑस्ट्रियाचे बचावपटू, नंतर तीस वर्षं प्रशिक्षक. नेदरलँड्स, बेल्जियम, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया या चार देशांत त्यांच्या संघांनी लीग जिंकली. याच चार देशांतले देशांतर्गत कपही जिंकले. युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) दोनदा, दोन वेगळ्या क्लबांसह. विश्वचषकाचा अंतिम सामना एकदा, तोही परक्या देशाचा संघ घेऊन.

२. खेळाडू म्हणून ते किती मोठे होते?

बरेच मोठे. ऑस्ट्रियासाठी ५१ सामने आणि ५ गोल. मधल्या बचावपटूसाठी हा आकडा वाईट नाही. क्लब एकच म्हणावा असा, रापिड व्हिएन्ना. १९४२ पासून तिथे खेळले, १९५४ ते ५६ ही दोन वर्षं पॅरिसच्या रेसिंग क्लबकडे गेले, मग परत येऊन १९५९ पर्यंत पुन्हा रापिड. ते संघात असताना रापिडने सहा वेळा लीग जिंकली : १९४६, ४८, ५१, ५२, ५४ आणि ५७.

चेंडू मिळाला की डोळे मिटून लांब टोलवणारा हा बचावपटू नव्हता. पायाखाली घ्यायचा, मान वर करून बघायचं आणि मग पास द्यायचा, अशी त्यांची पद्धत. त्यांचा प्रशिक्षकी विचार मला इथूनच सुरू झालेला दिसतो. बचावातल्या माणसालाही खेळ रचता आला पाहिजे, हे त्यांनी आधी स्वतः मैदानात करून दाखवलं.

३. १९५४ च्या विश्वचषकात ते होते का?

होते, आणि फार विचित्र सामन्यांत होते. २६ जून १९५४ रोजी लोझानच्या रणरणत्या उन्हात ऑस्ट्रियाने स्वित्झर्लंडला ७-५ असं हरवलं. एका सामन्यात १२ गोल, हा विश्वचषकातला विक्रम आजही टिकून आहे. चार दिवसांनी बाझलमध्ये उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाचा ६-१ असा धुव्वा उडवला. हापेल दोन्हींत खेळले. शेवटी उरुग्वेला हरवून ऑस्ट्रिया तिसरा आला, आणि विश्वचषकातली ही त्या देशाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी. १९५८ च्या विश्वचषकातही ते होते, पण तेव्हा संघ गटातच बाद झाला.

४. बचावपटूने रेआल माद्रिदविरुद्ध हॅट्ट्रिक केली, हे खरं की दंतकथा?

अगदी खरं. युरोपियन कपचं ते दुसरंच वर्ष. माद्रिदमध्ये पहिला सामना रेआलने ४-२ असा जिंकला होता. १४ नोव्हेंबर १९५६ ला व्हिएन्नात परतीचा सामना झाला आणि रापिडचे तिन्ही गोल हापेल यांनी केले. उभ्या चेंडूवर त्यांचा पाय विलक्षण होता. फ्री किक आणि पेनल्टी ही त्यांची हक्काची कामं. मध्यंतराला ३-० असताना युरोपचा विजेता स्पर्धेबाहेर जाणार असं दिसत होतं. मग रेआलच्या दि स्तेफानोने एक गोल फेडला, सामना ३-१ असा संपला आणि एकूण बेरीज ५-५ झाली.

अवे गोलचा नियम (बेरीज सारखी असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) तेव्हा असता तर रापिड पुढे गेलं असतं, कारण माद्रिदमध्ये त्यांनी दोन गोल केले होते आणि रेआलने व्हिएन्नात एकच. पण तो नियम यायला अजून नऊ वर्षं होती. तिसरा निर्णायक सामना खेळवला गेला, तोही माद्रिदमध्येच, आणि रेआल २-० ने जिंकलं. १४ नोव्हेंबर ही तारीख लक्षात ठेवा. बरोबर ३६ वर्षांनी त्याच तारखेला हापेल गेले.

५. प्रशिक्षक म्हणून सुरुवात कुठे झाली?

१९६२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेन हागच्या एडीओ या क्लबात. मोठं नाव नसलेला, पैशाने बेताचा क्लब. तिथे ते सात वर्षं राहिले आणि १९६८ मध्ये डच कप जिंकून दिला.

रिकाम्या डब्याचा प्रसिद्ध किस्सा याच काळातला सांगतात. सरावाला आलेल्या खेळाडूंसमोर हापेल यांनी गोलच्या आडव्या दांडीवर एक रिकामा डबा ठेवला, पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर चेंडू मांडला आणि एका फटक्यात डबा खाली पाडला. मग खेळाडूंकडे वळून सांगितलं, आता तुम्ही करा. भाषण नाही, फळ्यावर आकृत्या नाहीत. स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवणारे आचरेकर सर ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या जातीचा गुरू वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

६. फेयेनोर्डने १९७० मध्ये नक्की काय केलं?

रोटरडॅमचा हा क्लब युरोपियन कप जिंकणारा पहिला डच क्लब ठरला. कट्टर प्रतिस्पर्धी आयाक्सच्या एक वर्ष आधी. हे वाक्य रोटरडॅममध्ये कुणाहीसमोर म्हणून बघा, तुम्हाला बसायला खुर्ची मिळेल.

हापेल १९६९ मध्ये तिथे गेले. पहिल्या फेरीत आइसलँडच्या केआर रेक्याविकला १२-२ आणि ४-० असं हरवलं. ते सोपं होतं. खरी परीक्षा पुढच्या फेरीत होती. समोर गतविजेता एसी मिलान. मिलानमध्ये ०-१ अशी हार, रोटरडॅममध्ये २-० असा विजय. मग पूर्व जर्मनीचा फोरवेर्ट्स आणि पोलंडचा लेगिया वॉर्सा.

६ मे १९७० ला मिलानच्या सान सिरोवर अंतिम सामना झाला, स्कॉटलंडच्या सेल्टिकशी. सेल्टिक १९६७ चा विजेता, प्रशिक्षक जॉक स्टीन. बहुतेकांनी करंडक त्यांच्याच नावावर लिहून टाकला होता. हापेल यांनी गोलरक्षकच बदलला. तरुण एडी ट्रेटेलला बाहेर बसवून अनुभवी एडी पीटर्स ग्राफलांडला उतरवलं. गेमेलने सेल्टिकला आघाडी दिली, दोनच मिनिटांत कर्णधार रिनुस इस्राएलने हेडरवर बरोबरी साधली. त्यानंतर मैदानाचा मधला पट्टा जवळजवळ पूर्ण फेयेनोर्डचा होता. विम व्हान हानेगेम, विम यान्सेन आणि हापेल यांच्याच देशाचा फ्रान्झ हासिल, या तिघांनी सेल्टिकला श्वास घेऊ दिला नाही. जादा वेळ संपायला जेमतेम तीन-चार मिनिटं उरली असताना एक लांब फ्री किक आली. मागे सरकत जाणाऱ्या बिली मॅकनीलचा हात चेंडूला लागला, पण तो पुढे निसटला, आणि स्वीडिश आघाडीपटू ओव्हे शिंडवालने गोलरक्षकाच्या डोक्यावरून तो अलगद आत टाकला. २-१.

त्याच वर्षी दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या एस्तुदियान्तेसला हरवून इंटरकॉन्टिनेन्टल कपही आणला. ब्यूनोस आयर्समध्ये २-२, रोटरडॅममध्ये १-०. विजयी गोल योप व्हान डाले या चष्मा लावून खेळणाऱ्या बदली खेळाडूचा. चिडलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याचा चष्मा ओढून मोडला.

या क्लबबद्दलची पुढची ओळ लोक विसरतात. १९७० च्या हिवाळ्याआधीच पुढच्या युरोपियन कपमध्ये पहिल्याच फेरीत रुमानियाच्या यूटीए आरादने फेयेनोर्डला बाहेर काढलं. १९७१ ची डच लीग मात्र त्यांनीच जिंकली.

७. टोटल फुटबॉल मिखेल्सचं की हापेल यांचं?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न. भांडणंही यावरच होतात.

टोटल फुटबॉल म्हणजे सगळ्यांनी जागा बदलत बचावही करायचा आणि चढाईही. या शब्दाशी जोडलेली नावं प्रशिक्षक रिनुस मिखेल्स आणि खेळाडू योहान क्रायफ यांची, आणि १९७४ चा डच संघ मिखेल्स यांचा, यात वाद नाही. पण १९७० पर्यंत मिखेल्स यांचा आयाक्स ४-२-४ (बचाव, मधला पट्टा, आघाडी) खेळायचा. मधल्या पट्ट्यात दोनच माणसं. हापेल यांच्या फेयेनोर्डने तिथे तीन माणसं उभी केली, म्हणजे ४-३-३, आणि त्या एका जास्तीच्या माणसाच्या जोरावर चेंडू ताब्यात ठेवला. त्या सुमाराला आयाक्सही ४-३-३ कडे वळला. आज जगभर जिला ‘डच पद्धत’ म्हणतात, तिचा सांगाडा असा तयार झाला.

त्यात हापेल यांची आणखी दोन वैशिष्ट्यं होती. बचावफळी पुढे सरकवून ऑफसाइडचा सापळा लावायचा, आणि चेंडू गेला की लगेच प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायचं. ज्याला आज प्रेसिंग म्हणतात, ते त्यांचे संघ सत्तरच्या दशकात करत होते. श्रेय एकट्या कुणाला देऊ नये, हे मान्य. पण हा इतिहास सांगताना हापेल यांचं नाव तळटीपेत टाकलं जातं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

८. फेयेनोर्ड आणि पश्चिम जर्मनीतला हाम्बुर्ग यांच्यामध्ये ते कुठे होते?

१९७३ मध्ये स्पेनमध्ये सेव्हियाकडे, थोडा काळ. मग बेल्जियममध्ये क्लब ब्रुग, आणि इथला काळ सोनेरी. १९७६, ७७ आणि ७८ अशा लागोपाठ तीन लीग, शिवाय १९७७ चा बेल्जियन कप. युरोपात दोनदा अंतिम फेरी, दोन्ही वेळा समोर बॉब पेझलींचा लिव्हरपूल. १९७६ च्या युएफा कपमध्ये अ‍ॅनफील्डवर २-० अशी आघाडी घेऊन ब्रुग २-३ ने हरलं आणि घरी १-१ झालं. १९७८ चं प्रश्न ९ मध्ये पाहा.

नंतर बेल्जियममध्येच हारेलबेके या छोट्या क्लबात काही महिने, आणि १९७९ ते ८१ स्टांडार्ड लिएज. तिथे १९८१ चा बेल्जियन कप.

९. १९७८ मध्ये ते एकाच वेळी क्लब आणि देश सांभाळत होते का?

हो. ब्रुगचे प्रशिक्षक असतानाच नेदरलँड्सचा संघ त्यांच्याकडे आला. १० मे १९७८ ला वेम्बलीवर युरोपियन कपचा अंतिम सामना, २५ जूनला ब्यूनोस आयर्समध्ये विश्वचषकाचा. ४६ दिवसांत दोन. दोन्ही हरले.

वेम्बलीवर ब्रुगचे राउल लाम्बेर आणि पॉल कूराँ दुखापतीमुळे नव्हते. लिव्हरपूलला डॅलग्लिशचा एकच गोल पुरला.

अर्जेंटिनाला जाताना क्रायफ संघात नव्हता. व्हान हानेगेमने, फेयेनोर्डच्या त्याच हिऱ्याने, संघातली जागा पक्की नाही हे कळल्यावर ऐन वेळी माघार घेतली. पहिल्या गटात स्कॉटलंडकडून २-३ अशी हारही झाली. तरी दुसऱ्या गटात ऑस्ट्रियाला ५-१, पश्चिम जर्मनीशी २-२, इटलीला २-१ असं करत डच अंतिम फेरीत पोचले.

त्या सामन्यातला शेवटचा मिनिट मी चित्रफितीत कितीतरी वेळा थांबवून पाहिला आहे. केम्पेसने अर्जेंटिनाला आघाडी दिलेली, ८२ व्या मिनिटाला बदली खेळाडू नानिंगाने हेडरवर १-१ केलेलं. ९० वा मिनिट. क्रोलने मागून लांब चेंडू टाकला. डावीकडून धावत आलेल्या रॉब रेन्सेनब्रिंकने जवळजवळ गोलरेषेच्या टोकावरून, फार अरुंद कोनातून तो पुढे ढकलला. चेंडू पोस्टला लागून बाहेर आला. आत गेला असता तर खेळ संपायला सेकंद उरले होते. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. जादा वेळेत केम्पेस आणि बेर्तोनी यांनी गोल केले, ३-१.

१०. स्वतःच्या देशाविरुद्ध त्यांनी संघ उतरवला?

उतरवला. वर उल्लेख आलेला ५-१ हा सामना, १४ जून १९७८, कोर्दोबा. व्हिएन्नाच्या माणसाच्या हाताखालच्या संघाने ऑस्ट्रियाला विश्वचषकात एवढं मोठं हरवलं. याच मैदानावर आठवडाभराने ऑस्ट्रियाने पश्चिम जर्मनीला ३-२ ने हरवलं. ऑस्ट्रियन माणूस ‘कोर्दोबा’ म्हणतो तेव्हा त्याला तो दुसरा सामना आठवत असतो, म्हणून दोन्हींची गल्लत होते.

११. हाम्बुर्गचा काळ इतका खास का मानतात?

कारण त्या क्लबने त्याआधी किंवा त्यानंतर असं काही पाहिलेलं नाही. १९८१ मध्ये क्लबचे व्यवस्थापक गुंटर नेत्झर यांनी हापेल यांना आणलं. १९८२ ची बुंडेसलीगा (पश्चिम जर्मनीची लीग) जिंकली (बेकेनबाउर त्या संघात होता), १९८३ चीही जिंकली. १९८३ मध्ये वेर्डर ब्रेमेनचे आणि हाम्बुर्गचे गुण सारखेच, ५२. गोलफरकाने निकाल लागला. पुढच्याच वर्षी उलटं झालं. श्टुटगार्ट, हाम्बुर्ग आणि ग्लाडबाख तिघांचे ४८ गुण, आणि गोलफरकाने श्टुटगार्ट विजेता.

जानेवारी १९८२ पासून जानेवारी १९८३ पर्यंत बुंडेसलीगात सलग ३६ सामने हाम्बुर्ग हरलं नाही. ही मालिका तोडली ती ब्रेमेननेच. ३६ चा विक्रम २०१३ पर्यंत टिकला, मग बायर्नने मोडला. १९८७ मध्ये जर्मन कप देऊन हापेल गेले. त्या तोडीचा करंडक हाम्बुर्गला त्यानंतर मिळालेला नाही.

१२. अथेन्सचा अंतिम सामना कसा जिंकला? युवेंटस तर केवढा तगडा होता.

तगडा कसला, नुसती नावं वाचा. झोफ, जेन्तिले, शिरेआ, काब्रिनी, तार्देल्ली, रोस्सी. एका वर्षापूर्वी विश्वचषक जिंकलेले इटालियन. त्यांच्या जोडीला प्लातिनी आणि बोनिएक. प्रशिक्षक त्रापात्तोनी.

२५ मे १९८३, युरोपियन कपचा अंतिम सामना. हाम्बुर्गच्या फेलिक्स मागाथला डावीकडे चेंडू मिळाला, त्याने एकाला चकवलं आणि पेनल्टी क्षेत्राबाहेरून डाव्या पायाने वळवलेला फटका झोफच्या हाताबाहेरून लांबच्या कोपऱ्यात गेला. सामना सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. उरलेला वेळ वोल्फगांग रोल्फ प्लातिनीच्या सावलीसारखा मागे राहिला आणि प्लातिनीचा खेळ बहरलाच नाही. शेवट १-०.

याच्या बरोबर एक महिन्याने, २५ जूनला, कपिलच्या संघाने लॉर्ड्सवर वेस्ट इंडिजला हरवलं. ती तारीख आपल्याला पाठ असते. हाम्बुर्गकरांना २५ मे तशीच पाठ आहे.

१३. दोन क्लबांसह हा करंडक जिंकणारे पहिले हापेलच का? आणि नंतर कोण?

पहिले तेच, फेयेनोर्ड १९७० आणि हाम्बुर्ग १९८३. नंतर हिट्झफेल्ड (डॉर्टमुंड, बायर्न), मोरिन्यो (पोर्तो, इंटर), हाइन्केस (रेआल, बायर्न), आन्चेलोत्ती (मिलान, रेआल), ग्वार्डिओला (बार्सिलोना, मँचेस्टर सिटी) आणि लुइस एन्रिके (बार्सिलोना, पॅरिस सें-जर्मेन). हापेल यांनी ब्रुगलाही अंतिम फेरीत नेलं होतं, म्हणजे तीन वेगळे क्लब. त्यातला ब्रुग तर पैशाने युरोपच्या बड्या क्लबांच्या जवळपासही नव्हता. मला हे दोन विजेतेपदांइतकंच मोठं वाटतं.

१४. एकूण करंडक किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो.

प्रमुख करंडक मोजले तर १६. लीग ८ : डच १, बेल्जियन ३, जर्मन २, ऑस्ट्रियन २ (इन्सब्रुकच्या स्वारोव्हस्की टिरोलसह १९८९ आणि ९०). देशांतर्गत कप ५ : डच १९६८, बेल्जियन १९७७ आणि ८१, जर्मन १९८७, ऑस्ट्रियन १९८९. युरोपियन कप २. इंटरकॉन्टिनेन्टल १. याहून मोठा आकडा दिसला तर कुणीतरी सुपर कपसारख्या एका सामन्याच्या स्पर्धा किंवा खेळाडू असतानाची विजेतेपदं त्यात धरली आहेत असं समजा.

१५. आणि हरलेले अंतिम सामने?

आंतरराष्ट्रीय पातळीवर सहा. ब्रुगचे दोन आणि डच संघाचा एक वर आले आहेत (प्रश्न ८ आणि ९). हाम्बुर्गचे तीन : १९८२ चा युएफा कप स्वीडनच्या गोथेनबर्गकडून (तिथे तरुण स्वेन-योरान एरिक्सन प्रशिक्षक होते), १९८३ चा युरोपियन सुपर कप अ‍ॅबर्डीनकडून, आणि त्याच वर्षी टोकियोत इंटरकॉन्टिनेन्टल कप ब्राझीलच्या ग्रेमिओकडून, जादा वेळेत.

१६. ते फार तुसडे होते म्हणतात. खरं का?

पत्रकारांशी, हो. अस्सल व्हिएन्नाच्या बोलीत ‘हाउट्स आइश इन श्ने’ म्हणून त्यांना वाटेला लावायचे. शब्दशः अर्थ ‘बर्फात जाऊन पडा’, भाव ‘चला, चालते व्हा’. नेदरलँड्समध्ये त्यांच्या अर्ध्या डच, अर्ध्या जर्मन बोलण्यातलं एक वाक्य अजून म्हणीसारखं वापरतात. त्याचा अर्थ ‘बडबड नको, फुटबॉल खेळा’.

खेळाडूंशीही ते मोजकंच बोलत, पण त्यांचे खेळाडू पुढे आयुष्यभर त्यांचं नाव आदराने घेत राहिले. ‘फुटबॉलशिवायचा दिवस म्हणजे फुकट गेलेला दिवस’ हे त्यांचं वाक्य सर्वांत प्रसिद्ध आहे. सिगारेट मात्र हातातून सुटली नाही. अखेर फुप्फुसाच्या कर्करोगानेच त्यांना नेलं.

१७. रेआल माद्रिदकडून ९-१ हरलेला संघ त्यांचाच का?

त्यांचाच. ऑक्टोबर १९९०, युरोपियन कप, स्वारोव्हस्की टिरोल. परतीचा सामना २-२. हे लपवण्याचं कारण नाही. त्याच क्लबने त्याआधी सलग दोनदा ऑस्ट्रियन लीग जिंकली होती (प्रश्न १४).

१८. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक ते कधी झाले?

१९९२ च्या सुरुवातीला. दीड वर्षापूर्वी फेरो बेटांसारख्या चिमुकल्या संघाकडून हरलेला ऑस्ट्रियाचा संघ तेव्हा पार खचलेला होता. हापेल स्वतः आजारी होते, तरी काम घेतलं. २८ ऑक्टोबर १९९२ ला व्हिएन्नात इस्रायलला ५-२ असं हरवलं, तो त्यांचा शेवटचा सामना. सतरा दिवसांनी ते गेले. ६७ वा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता.

चार दिवसांनी न्यूरेमबर्गमध्ये जर्मनीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना ठरलेला होता. संघ उतरला. बाकावर हापेल यांची नेहमीची टोपी ठेवलेली होती. जगज्जेत्या जर्मनीला ऑस्ट्रियाने ०-० वर रोखलं.

१९. व्हिएन्नातलं एर्न्स्ट हापेल स्टेडियम म्हणजे रापिडचंच मैदान ना?

नाही. हापेल स्टेडियम म्हणजे १९३१ मध्ये उघडलेलं जुनं प्राटर स्टेडियम, राष्ट्रीय संघाचं. त्यांच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचं नाव दिलं. २००८ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना (स्पेन १, जर्मनी ०) तिथलाच. १९९५ मध्ये आयाक्सने मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही तिथेच. फेयेनोर्डचे पाठीराखे ही आठवण काढत नाहीत.

रापिडचं मैदान हुटेलडोर्फ भागात. २०१४ पर्यंत त्याला गेरहार्ड हानापी यांचं नाव होतं. हानापी हे हापेल यांचे रापिडमधले आणि राष्ट्रीय संघातले सोबती, व्यवसायाने वास्तुरचनाकार, आणि ते मैदान त्यांनीच आखलेलं. ‘हापेल’ आणि ‘हानापी’ ऐकायला जवळचे, दोघेही एकाच संघाचे, त्यामुळे गोंधळ होतो. हानापी यांचं मैदान पाडून तिथे रापिडने नवं स्टेडियम बांधलं, ते २०१६ पासून वापरात आहे.